सॅकमध्ये रंगपेटी हवी का?

नाणेघाटाच्या शेजारी जीवधन किल्ला आहे आणि किल्ल्याला खेटून, कोकणाच्या बाजूला, वानरलिंगीचा सुळका सुटा उभा आहे. काही जण त्याला खडा पारशीही म्हणतात. उंची तीनशे फुटांहून अधिक. पायथ्याशी रान आणि रानाच्या खाली थेट कोकण. माझा मामा कॉलेजात असल्यापासून दोर घेऊन इथे येतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि कातळावर हात कसा ठेवायचा हे त्याच्याकडून शिकले. थंडीतल्या चढाईला येताना मी सॅकमध्ये जलरंगांची पेटी टाकते, ते त्याला पटत नाही. यंदा घाटघरला मुक्काम असताना हा विषय दोन्ही बाजूंनी पुरता बोलून झाला. त्याचं म्हणणं मी होता होईल तो त्याच्याच शब्दांत ठेवलं आहे. ते नुसत्या हट्टातून आलेलं नाही. त्यामागे कातळावर काढलेली हयात आहे.

मामा : वजनाचं मी बोलत नाही. तुझी पेटी, ब्रश आणि वही मिळून पाण्याच्या एका भरल्या बाटलीएवढं ओझं होईल. ते तू वाहतेस, तुझं तू बघ. माझा मुद्दा लक्षाचा आहे. चढाईच्या दिवशी माणसाजवळ लक्ष एकच असतं. ते कातळावर असतं, नाहीतर कातळावर नसतं.

मी : चढणाऱ्याचा दोर धरून बिले देताना मी पेटी उघडलेली तू कधी पाहिलीस का?

मामा : नाही, आणि पाहिली असती तर तुला पुन्हा दोराला हात लावू दिला नसता. पण बिले देणाराच तेवढा कामावर असतो असं वाटतं का तुला? खाली बसलेला प्रत्येक जण कामावर असतो. वरून दगड सुटला की सगळ्यात आधी ओरडायचं त्याने. दोर कपारीत अडकला तर पुढे चढून लीड करणाऱ्याला ते दिसत नाही, खालच्याला दिसतं. आग्या मोहोळ बिथरायला लागलं की पोळ्याच्या अंगावरून लाटा फिरायला लागतात; तेही लांबूनच कळतं. तू कागदात डोकं घालून बसलीस की यातलं काय दिसणार तुला?

मी : कागदात डोकं घालून चित्र होत नाही, मामा. कागदावर नजर क्षणभर जाते, बाकी सगळा वेळ ती समोर असते. खाली बसून जे गप्पा मारत असतात त्यांच्यापेक्षा मी त्या सुळक्याकडे कितीतरी जास्त वेळ बघते.

मामा : बघतेस, कबूल. पण काय बघतेस? उन्हाची तिरीप बघतेस, सावलीची कड बघतेस. मी होल्ड बघतो, बोल्ट बघतो, दोर कुठे घासतोय ते बघतो. कातळ एकच, पण तू बघतेस तो दुसराच असतो.

मी : हेच मला मान्य नाही. तुला रंग दिसत नाही असं तू म्हणतोस, पण तू मला कातळ शिकवलास तो रंगांवरूनच. आठव. तांबड्या पट्ट्याला हात घालू नकोस, तो भुसभुशीत असतो, हे कोण म्हणालं? काळ्या ओघळांच्या जागी पावसात पाणी वाहतं, तिथे शेवाळ वाळून बसलेलं असतं, पाय सरकेल, हे कोणी सांगितलं? कड्यावर कुठे फिकट, ताजी खपली दिसली तर तिथून नुकताच दगड गेलाय, त्याच्या खाली थांबायचं नाही, हेही तूच. हे सगळे रंगच की!

मामा : हो, पण त्यासाठी पेटी उघडावी लागत नाही.

मी : तुला लागत नाही. तू तीस-पस्तीस वर्षं हात फोडून घेतलेस म्हणून लागत नाही.

यावर तो काही बोलला नाही. मात्र या तांबड्या पट्ट्यांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण माझ्या बाजूचा सगळा आधार त्यांच्यात आहे.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, निवला, मग त्याच्यावर पुन्हा पसरला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या थराचा माथा झिजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती दाबून टाकली. कड्यांतून आडवे जाणारे विटकरी पट्टे दिसतात ते बहुधा याच जुन्या मातीचे. घट्ट बेसॉल्टचा थर उभा तुटतो आणि त्याचा ताशीव कडा होतो. भोकाभोकांचा, मऊ थर लवकर झिजतो आणि तिथे गवताची पायरी पडते. म्हणून आपल्या डोंगरांना उभा कडा, आडवी पट्टी, पुन्हा उभा कडा अशी ठेवण असते. चढणारा त्या आडव्या पट्टीला थांबायची जागा म्हणतो. चित्र काढणाऱ्याला तिथे पिवळं गवत दिसतं आणि तो यलो ऑकर उचलतो. दोघंही एकाच भूगर्भीय घटनेवर बोट ठेवत असतात.

बेसॉल्ट रंगवायला बसलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की तो काळा नाही. ट्यूबमधला काळा रंग लावला की सुळका कागदावर मरतो. मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळते. एक निळा, एक भाजक्या मातीचा. एकत्र आले की जिवंत करडा रंग होतो आणि प्रमाण बदललं की तो थंड किंवा उबदार करता येतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून गोळा होतात. खरखरीत कागदावर ओला हात फिरवला की ते खळग्यांत जाऊन बसतात, आणि वाळल्यावर तिथे आपोआप कातळासारखा रवाळ पोत येतो. सावलीतल्या भागात निळा जास्त. ऊन तापलेल्या कडेला सिएना जास्त, त्यातच थोडा तांबडा. हे मी मामाला मुक्कामाच्या जागी टॉर्चच्या उजेडात करून दाखवलं. त्याने वही हातात घेऊन, तिरपी धरून, तो पोत बराच वेळ पाहिला.

मामा : पोत आला आहे. पण हा वानरलिंगीचा कातळ आहे की कुठल्याही डोंगराचा?

मी : या पानावर कुठल्याही डोंगराचा. सुळक्याचा व्हायला तो समोर असायला हवा.

मामा : म्हणजे पुन्हा वेळ आला. आणि वेळेचं गणित सांगतो तुला. आपण पहाटे निघतो, सूर्य वर यायच्या आत पहिला जण दोरावर असतो. का? हे कोकणाकडचे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपारपर्यंत सावली असते, कातळ गार असतो, बोटं धरतात. दोन-अडीचला ऊन अंगावर आलं की दगड तापतो, घाम सुटतो, पाणी संपतं. तोवर आपण खाली उतरायला लागलेलं असायला हवं.

मी : आणि मला नेमकं त्याच वेळी ऊन हवं असतं! सकाळी सगळा सुळका एकसारखा करडा असतो, त्याला घडण दिसत नाही. दुपार कलली की तिरपं ऊन येतं आणि प्रत्येक कपार, प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकायला लागतो. तुझं काम संपतं तिथे माझं सुरू होतं. मग भांडण कुठे राहिलं?

मामा : उतरणीत राहिलं. बरेच अपघात उतरताना होतात. माणसं दमलेली असतात, माथा झालेला असतो, मन घरी पोचलेलं असतं. त्या वेळी मला एक शाबूत डोकं खाली हवं असतं. ते नेमकं तुझं असतं, आणि ते रंगात असतं.

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण या जागी त्याचं बरोबर आहे. शेवटचा माणूस दोरावरून रॅपल करून खाली येईपर्यंत, दोर खेचून गोळा होईपर्यंत पेटी बंद राहिली पाहिजे. मग ऊन गेलं तरी गेलं. मी फक्त एवढं विचारलं की चढाई आणि चित्र यांचं नातं इतकं वाईट आहे, तर जगातल्या इतक्या गिर्यारोहकांच्या हातात ब्रश आणि पेन्सिल कशी काय होती. आणि मी एडवर्ड व्हिंपरचं नाव काढलं.

मामा : व्हिंपर गिर्यारोहक होता.

मी : आधी तो लाकडावर चित्रं कोरणारा होता. 1860 साली विसाव्या वर्षी आल्प्समध्ये गेला तो लंडनच्या एका प्रकाशकाने डोंगरांची रेखाटनं करायला पाठवला म्हणून. तिथे त्याने मॅटरहॉर्न पाहिला.

मामा : आणि रेखाटनं राहिली बाजूला. पाच वर्षं तो त्या एका शिखराच्या मागे होता. हीच तर माझी बाजू झाली. डोंगराने त्याच्या हातातली पेन्सिल काढून दोर दिला.

मी : तसं नाही झालं. तो बहुतेक वेळा इटलीच्या बाजूने चढायचा आणि मागे फिरायचा. स्वित्झर्लंडची, म्हणजे झेरमॅटकडची पूर्व बाजू सगळ्यांना सरळ उभी भिंत वाटायची, म्हणून तिकडे कोणी वळत नव्हतं. व्हिंपरच्या ध्यानात आलं की त्या भिंतीवर भर उन्हाळ्यातही पांढरे पट्टे टिकून राहतात. भिंत खरंच उभी असती तर बर्फ तिथे साठलाच नसता. मग त्याने ती बाजूने पाहिली, आणि समोरून उभी दिसणारी भिंत जेमतेम चाळीस अंशांच्या उताराची निघाली. वर खडकाचे थर कुठे कलले आहेत तेही त्याने पाहिलं. इटलीच्या बाजूला ते बाहेर, पाय घसरेल असे झुकलेले होते. झेरमॅटच्या बाजूला आत, पायऱ्यांसारखे. 14 जुलै 1865 ला माणसं पहिल्यांदा माथ्यावर पोचली ती याच बाजूने. पांढरा पट्टा कुठे आहे, थराची रेघ कुठे कलते, हे बघणारी नजर कोणाची? लाकडावर रोज रेघा कोरणाऱ्याची.

मामा : तू एक गाळलंस. त्याच दिवशी उतरताना सातातले चार जण गेले. दोर तुटला.

मी : गाळणार नव्हते. आणि त्याचं चित्रही त्याने केलं. अपघातानंतर धुक्यात त्यांना मोठी कमान आणि क्रूस दिसले, ते त्याच्या 1871 च्या पुस्तकात कोरलेलं आहे.

मामा : तेच मला खुपतं गं. चार माणसं गेली, आणि या माणसाला आकाशातली कमान आठवून कोरता आली.

मी : मला ते निर्दय वाटत नाही. माणूस जे विसरू शकत नाही तेच कोरतो.

मामा : असेल. मी त्या जागी असतो तर मला काही दिसलं नसतं.

इथे आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मामाने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं आणि मग सॉमरव्हेलचा विषय त्यानेच काढला. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्याच्या कपाटात एव्हरेस्टवरची पुस्तकं रांगेने लावलेली आहेत.

मामा : चित्रकार गिर्यारोहक हवा असेल तर मी तुला व्हिंपरपेक्षा मोठं नाव देतो. हॉवर्ड सॉमरव्हेल. शल्यचिकित्सक होता. 1922 मध्ये एव्हरेस्टवर मॅलरी आणि नॉर्टनबरोबर बाटलीतला प्राणवायू न घेता सुमारे 8,225 मीटरपर्यंत गेला. 1924 मध्ये पुन्हा गेला. घसा इतका खराब झाला होता की वर त्याला थांबावं लागलं; नॉर्टन एकटा पुढे 8,572 मीटरपर्यंत पोचला. उतरताना सॉमरव्हेलच्या घशाचं आतलं अस्तरच सुटून श्वासनलिकेत अडकलं, आणि तो मरता मरता वाचला. हा माणूस तळावर बसून जलरंगात चित्रं काढायचा. नॉर्टनही काढायचा.

मी : आणि हिंदुस्थानचाच झाला तो. त्रावणकोरात नेय्यूरच्या इस्पितळात कितीतरी वर्षं शस्त्रक्रिया करत राहिला. पण मग तुझा मुद्दा कुठे गेला?

मामा : तिथेच आहे. तो चित्रं तळावर काढायचा, मोकळ्या वेळात. दोरावर नाही.

मी : एक सांगू? 1924 ला मॅलरी माथ्याकडे निघाला तेव्हा त्याच्याजवळ सॉमरव्हेलचा छोटा कॅमेरा होता. तो परतला नाही. 1999 मध्ये त्याचा देह सापडला, कॅमेरा नाही सापडला. ज्या यंत्रात पुरावा होता ते गेलं. सॉमरव्हेलने हाताने रंगवलेली पानं मात्र आजही आहेत.

मामा : पण ती पानं सांगतात का, मॅलरी माथ्यावर पोचला की नाही ते?

मी : नाही.

मामा : मग?

मी : मग हे, की ती दुसरं काहीतरी सांगतात. तिबेटच्या कोरड्या हवेत दूरचा डोंगरही जवळ वाटतो, कारण मधे धूळ नाही, बाष्प नाही. अशा वेळी अंतर दाखवायचं कसं, हा चित्रकाराचा खरा प्रश्न असतो. आपल्याकडे कोकणावर बाष्प असतं, म्हणून लांबची रांग निळी, फिकी होत जाते; आपल्याला अंतर फुकट मिळतं. ही पानं तिथल्या हवेबद्दल सांगतात. कोण पोचलं याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

मामा : आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. कोण पोचलं, कोण परत आलं.

या वाक्यात आमचा सगळा मतभेद आहे असं मला वाटतं. मामासाठी चढाई ही माणसांची गोष्ट आहे : कोणी कोणाला धरलं, कोण घाबरलं, कोण सुखरूप आलं. कातळ त्या गोष्टीचं मैदान. माझ्यासाठी कातळच मुळात गोष्ट आहे, आणि आपण त्याच्यावर थोडा वेळ असतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने एक असा प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

मामा : कातळच गोष्ट असेल तर तू चढतेस कशाला? नाणेघाटाच्या पठारावर खुर्ची टाकून बस. तिथून जीवधन दिसतो, सुळका दिसतो, डोक्यावर दगड पडायची भीती नाही. मराठी चित्रकारांनी नाशिकचा घाट, वाईचा घाट जलरंगात किती सुंदर केलाय. कोण चढलं होतं त्यासाठी?

मी : पठारावरून मी सुळका काढला आहे. तो खोटा होतो.

मामा : खोटा कसा?

मी : पेन्सिल हातात असली की हात त्याला आपोआप बारीक करतो, उंच करतो, टोक काढतो. न चढता काढलेल्या डोंगराला कोणी अडवत नाही. इंग्रज चित्रकार टर्नरने 1843 मध्ये सेंट गॉथर्डच्या वाटेवरच्या फायडोच्या खिंडीचं जलरंगात चित्र केलं. नंतर कलासमीक्षक रस्किनने ती जागा स्वतः जाऊन पाहिली, रेखाटली, आणि टर्नरने डोंगर कसे वाढवले, दगड कसे मोठे केले ते ताडून पाहिलं. रस्किनने त्याची बाजूच घेतली. म्हणाला, त्या खिंडीपर्यंत येणारा माणूस आधी भयंकर घळींतून आलेला असतो, तो सगळा ठसा या चित्रात आहे, म्हणून ते खरं आहे.

मामा : आणि तुला ते पटतं?

मी : टर्नरच्या बाबतीत पटतं. माझ्या बाबतीत नाही. टर्नर रस्त्याने गेला होता. मी वानरलिंगीच्या पहिल्या टप्प्यावर पोट टेकून पडले आहे. वरच्या आडव्या पट्टीला माझा गुडघा सोलला आहे. ती पट्टी किती रुंद आहे हे मला माहीत आहे : दोन माणसं जेमतेम उभी राहतील इतकी. आता ती कागदावर मी मोठी केली तर माझा हातच मला थांबवतो. सुळका बारीक केला तर मधली कपार कुठे बसवायची? ज्या कातळाला मी धरलेलं आहे, त्याच्याबद्दल मला वाढवून सांगता येत नाही. चढल्यामुळे माझ्या चित्राला धाक आला आहे, मामा. तो धाक पठारावर खुर्ची टाकून येत नाही. म्हणून मला चढायचं आहे, आणि म्हणूनच पेटी चढाईच्या वेळी जवळ हवी आहे, चार महिन्यांनी घरी नको. गुडघ्याची जखम ओली असेपर्यंत ते मोजमाप अंगात असतं. नंतर ते जातं.

मामाने लगेच उत्तर दिलं नाही. मग सॅकच्या कप्प्यातून त्याची जुनी वही काढली. त्यात तो चढाईच्या मार्गांचे आराखडे काढतो : कुठे बोल्ट, कुठे थांबा, दोराची लांबी, कुठून पुढे डावीकडे सरकायचं. नवीन मुलं त्यावरून तयारी करतात. त्याच्या रेघा कोरड्या आहेत, सावली नाही, रंग नाही. पण प्रमाण अचूक असतं.

मामा : हे मी पण काढतो. म्हणजे तुझ्या धाकाचं मला कळतं. इथे एक थांबा चुकीच्या जागी दाखवला तर पोरगं दोर संपल्यावर लटकत राहील. माझ्या रेघेवर कोणाचा तरी जीव आहे. तुझ्या चित्रावर कोणाचा जीव आहे?

मी : कोणाचाच नाही.

मामा : मग तो धाक खरा कसा?

मी : खरा आहे, कारण मी खोटं काढलं तर मला कळतं. आणखी कोणाला कळायची गरज नाही. आणि आजी आहे ना. तुझी आई. जन्मभर जुन्नरला राहिली, जीवधन रोज लांबून पाहिला, पण वानरलिंगीच्या अंगाला हात लावायला ती कधी येऊ शकली नाही. मी तिला जे पान दाखवते ते तिला खरं वाटायला हवं. तिला सुळक्याची भीती दाखवायची नाहीये मला. त्या दगडाचा रंग दाखवायचा आहे.

आजीचं नाव निघाल्यावर त्याचा सूर बदलला. तरी बदलला नाही तो मुद्दा. त्याने पाण्याचा विषय काढला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाहेर चित्रं काढणारे त्याच्याबद्दल फार कमी बोलतात.

मामा : फेब्रुवारीत वर पाणी किती मोलाचं असतं हे तुला सांगायला नको. नाणेघाटात लेण्यापाशी टाकी आहेत, जीवधनवर टाकी आहेत. बरेच लोक तेच पाणी पितात. एकदा एका मुलाला त्याच टाक्यात ब्रश बुडवताना पाहिलं आणि मला राहवलं नाही.

मी : यात तुझं-माझं काही वेगळं नाही. काही रंगांत कॅडमियम असतं, काहींत कोबाल्ट. चित्रं काढणाऱ्याने टाक्यात ब्रश बुडवणं हा गुन्हाच आहे, आणि कड्यावर रंगाचं पाणी ओतणंही. मी माझं पाणी माझ्या वाट्यातून घेते, पेलाभर. गढूळ झालेलं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून खाली आणते. ब्रश आणि पेटी दोरीने हार्नेसला बांधते, कारण वरून पडलेला ब्रशही खालच्याच्या डोक्यावर दगडासारखाच येतो. काचेची बाटली कधीच नाही. बसायची जागा दगड पडायच्या रेषेत नाही, पोळ्यांखाली नाही. बसल्या जागी हेल्मेट काढायचं नाही.

मामा : हे सगळं तू पाळतेस हे मला माहीत आहे. तू नाही, तुझ्यामागून येणारे मला दिसतात. आज तू पेटी आणलीस. उद्या कोणी ड्रोन आणेल, परवा कोणी गिटार. डोंगरावर जो तो आपलं काही ना काही घेऊन येईल आणि डोंगर मागे राहील.

मी : ड्रोन डोंगराकडे बघायचं काम आपल्याकडून काढून घेतो. ब्रश तेच काम आपल्यावर टाकतो. दोन्ही एका रांगेत नको लावूस.

मामा : बरं, नाही लावत. पण तुला नेमकं हवंय काय? माथ्यावर बसून चित्र काढायचंय?

मी : माथ्यावरून सुळका दिसतच नाही. कोकण दिसतं, जीवधन दिसतो. मला हवी आहे ती मधली पट्टी. पहिल्या टप्प्याच्या वर. तिथे भिंत हाताच्या अंतरावर असते. लांबून जे करडं दिसतं त्यात जवळून पिवळं, हिरवट, जांभळं, किती काय आहे. दगडफुलाचे गोल डाग आहेत. त्यातलं लांबून काहीच दिसत नाही. ते मला तिथे बसून रंगवायचं आहे.

मामा : दोरावर?

मी : अँकरला बांधून घेऊन. तिथे बोल्ट आहेत.

मामा : चढाईच्या दिवशी नाही.

मी : का?

मामा : वर लीड करणारा असतो, मागून दुसरा येत असतो, त्याच पट्टीवरून दोर जात असतात. तिथे दोन माणसं जेमतेम राहतात हे तूच आत्ता म्हणालीस. तिसरी रंगपेटी घेऊन बसली तर सगळ्यांनी तुझ्याभोवती दोर सांभाळत बसायचं. चित्र एकटीचं असतं, दोर चौघांचा असतो. चौघांच्या दिवसातून तू तुझा तास काढायचा नाहीस.

मी : मग कधी?

मामा : वेगळा दिवस काढ. चढाई संपल्यावरचा, किंवा आधीचा. मी पट्टीपर्यंत दोर लावून देतो. तू आणि मी, दोघंच. तू रंगव, मी तुझ्या शेजारी बसून बिले आणि मोहोळ बघतो. कितीही वेळ घे, दुपारचं ऊन येईपर्यंत थांबू. पण त्या दिवशी पट्टीच्या वर जायचं नाही. रंग वाळल्यावर अजून वेळ उरला म्हणून माथा करू, असं म्हणायचं नाही.

मी : नाही म्हणणार. त्या दिवशी माथा नको मला.

मामा : आणि पाण्याचं ओझं तुझं. माझ्या बाटलीतलं मागायचं नाही.

मी : पेलाभर जास्तीचं घेईन. उतरताना गढूळ बाटली तुझ्याकडे देऊ?

मामा : ती पण तुझ्याचकडे. मला दोर आहेत.